संकेतस्थळावरचा ग्राहक : माहुलच्या गॅसच्या निमित्ताने एक संवाद

किरकोळ ग्राहक म्हणजे पुन्हा विकण्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या घरी वापरण्यासाठी वस्तू घेणारा ग्राहक, आणि त्याला आपल्याकडे वळवण्यासाठी व्यापाराने अलीकडच्या काळात जी साधने उभी केली, त्यांत संकेतस्थळावरील संवादी सुविधांचा वाटा मोठा आहे. संवादी सुविधा म्हणजे अशी रचना, की जिच्यात ग्राहक केवळ मजकूर वाचून निघून जात नाही, तर काही विचारतो, भरतो, निवडतो किंवा मोजतो, आणि संकेतस्थळ त्याला तिथल्या तिथे त्याच्यापुरते उत्तर देते. कर्जाचा हप्ता काढून देणारा गणक, घराच्या भिंतीला निवडलेला रंग लावून दाखवणारे चित्र, प्रश्नांना यंत्राकडून उत्तरे देणारा चॅटबॉट, विक्रेत्याला मिळालेले तारे, ही सगळी त्याचीच रूपे. त्यांची चर्चा बहुधा कपडे, फोन आणि किराणा विकणाऱ्या कंपन्यांच्या अंगाने होते. परंतु या सुविधांचे बळ आणि त्यांची मर्यादा ही दोन्ही एकाच ठिकाणी पाहायची असतील, तर स्वयंपाकाच्या गॅससारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे, आणि त्या उदाहरणाचा माग काढत गेल्यास तो मुंबईच्या उपनगरातील माहुलपर्यंत पोहोचतो.

चेंबूरच्या पलीकडे खाडीकाठी वसलेल्या माहुलमध्ये बर्मा-शेल कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी त्या कंपनीने ‘बरशेन’ या नावाने स्वयंपाकाचा गॅस मुंबईत विकायला काढला. पुढे १९७६ मध्ये सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली, तिची भारत पेट्रोलियम झाली आणि गॅसला भारतगॅस हे नाव मिळाले. एका शहरातील घरगुती सिलिंडरची किंमत वितरक बदलला म्हणून बदलत नाही. आतला गॅसही तोच, १४.२ किलो. भावात आणि मालात फरकच नसेल, तर एका वितरकाने दुसऱ्याच्या पुढे जाण्यासाठी उरते ती केवळ सेवा, आणि सेवा ही डोळ्यांना न दिसणारी गोष्ट असल्यामुळे ती दाखवण्याचे काम संकेतस्थळाकडे आले.

पुढील संवादात या प्रश्नाच्या दोन बाजू समोरासमोर येतात : विपणनशास्त्र, म्हणजे माल ग्राहकापर्यंत नेण्याचे आणि त्याच्या मनात उतरवण्याचे शास्त्र, शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका, आणि ग्राहक चळवळीत आयुष्य घालवलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते. दोन्ही पात्रे कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यातील वर्षे, नियम आणि घटना मात्र प्रत्यक्षातील आहेत.

प्राध्यापिका : काका, ग्राहक मिळवणे म्हणजे त्याच्या कानीकपाळी ओरडत राहणे, ही समजूत आता मागे टाकायला हवी. जाहिरात सगळ्यांना एकच गोष्ट सांगते, तर संवादी सुविधा प्रत्येकाला त्याच्या घरापुरते उत्तर देते. स्वतःच्या पगाराचा आकडा भरून ज्याने हप्ता काढला, त्याला ते उत्तर आपले वाटते, कारण त्यात त्याचा स्वतःचा हात लागलेला असतो. विपणनात ज्याला रूपांतरण म्हणतात, म्हणजे नुसत्या भेटीचे खरेदीत रूपांतर होणे, ते अशा ठिकाणी सहज घडते. शिवाय ग्राहक काय विचारतो, कुठे अडतो आणि कुठून परत फिरतो, हे विक्रेत्याला कळते, आणि एरवी दुकानाच्या पायरीवरून माघारी जाणारे गिऱ्हाईक का गेले, हे दुकानदाराला कधीच कळत नसे.

कार्यकर्ते : बाई, माहुल गावच्या कोळीवाड्यात मासळीचा वाटा मांडून बसलेल्या बाईकडे आपण कधी नीट पाहिले, तर संवादी विक्री संगणकाच्या आधीपासून चालत आली आहे, हे ध्यानात येईल. गिऱ्हाईक वाकून मासळीचा कल्ला उचलते, तो लालभडक आहे की फिकट पडला आहे हे बघते, बोटाने मांस दाबून पाहते, सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करते आणि पटले नाही तर चालू लागते. चार पावले गेल्यावर मागून हाक येते आणि भाव उतरतो. त्या सगळ्या बोलण्याला धार येते ती त्या चार पावलांमुळे. जाता येत नसेल, तर कल्ला उचलून पाहण्याला काय अर्थ उरतो? गॅसच्या ग्राहकाला कित्येक वर्षे जाताच येत नव्हते. ज्या भागात घर, त्या भागाचा वितरक. जोडणी मिळायलाच वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि मिळाल्यावर वितरकाची मर्जी सांभाळावी लागे.

प्राध्यापिका : ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच गॅसचा इतिहास या विषयाला फार उपयोगी पडतो. २०१२ मध्ये तेल कंपन्यांनी पारदर्शकतेसाठी एक संकेतस्थळ उघडले, ज्यावर कोणत्या ग्राहकाने वर्षात किती सिलिंडर घेतले हे कोणालाही पाहता येई, आणि त्यात मंत्री व मोठी माणसेही सुटली नव्हती. वितरकांचे कामही तिथे मोजले जाऊ लागले, तारे दिसू लागले. ज्या व्यवसायात ग्राहकाला आपल्या क्रमांकाची चौकशी करायलाही काउंटरवर ताटकळावे लागे, त्या व्यवसायात वितरकाची कामगिरी घरबसल्या दिसणे ही साधी गोष्ट नव्हे.

कार्यकर्ते : दिसली, पण पुढे काय? दोन तारे असलेल्या वितरकाच्या ग्राहकाला शेजारचा पाच ताऱ्यांचा वितरक पडद्यावर दिसत होता, आणि सिलिंडर मात्र पहिल्याकडूनच येत होता. बदल करायचाच तर अर्ज, कागद, आणि ज्याला सोडायचे त्याच वितरकाच्या दारात जाऊन घ्यायची कागदपत्रे. जी माहिती वापरताच येत नाही, ती ग्राहकाला अधिक असहाय करते.

या मुद्द्यावर संवादाची गाठ बसते, म्हणून पुढची हकिगत थोडी विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये काही जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर ग्राहकाला वितरक बदलण्याची मुभा देण्यात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये ती देशातील ४८० जिल्ह्यांपर्यंत नेण्यात आली. याला पोर्टेबिलिटी म्हणतात, म्हणजे जोडणी तीच ठेवून पुरवठा करणारा बदलणे. ही बदली तेल कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून, कोणाच्याही दारात न जाता करता येऊ लागली. या रचनेतील सर्वांत महत्त्वाचा भाग बाहेरून किरकोळ दिसतो. ग्राहकाने बदलीची मागणी नोंदवली, की जुन्या वितरकाला त्याच्याशी संपर्क साधून त्याचे मन वळवण्याची संधी मिळते. ग्राहकाचे समाधान झाले तर तो ३ दिवसांच्या आत मागणी मागे घेऊ शकतो. त्याने काहीच केले नाही, तर बदली आपोआप होते. पेट्रोलियम मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे एकट्या मे २०२१ या महिन्यात अशा ५५,७५९ बदल्या पार पडल्या. त्याच वेळी आणखी एक प्रयोग जाहीर झाला : पुणे, चंदीगड, कोइम्बतूर, गुरुग्राम आणि रांची या पाच ठिकाणी सिलिंडर मागवतानाच ग्राहकाला आपल्या भागातील वितरकांची यादी त्यांच्या ताऱ्यांसह दिसावी, आणि त्या खेपेपुरता हवा तो वितरक त्याने निवडावा.

प्राध्यापिका : या ३ दिवसांच्या मुदतीतच सगळे उत्तर आहे. ग्राहक गप्प राहिला तर त्याचे मौन विक्रेत्याच्या पदरात पडायचे की ग्राहकाच्या, हे पडद्यामागची रचना ठरवते. बहुतेक व्यापारी संकेतस्थळांवर गप्प बसणाऱ्याची वर्गणी पुढे चालू राहते; इथे गप्प बसणाऱ्याची बदली होते. आणि जुन्या वितरकालाही बोलायला जागा ठेवली आहे, त्यामुळे ज्याला आजवर ग्राहकाची विचारपूस करण्याची गरज वाटली नव्हती, त्याला आपणहून फोन करावा लागतो. ग्राहक राखणे याचा याहून चांगला धडा विद्यार्थ्यांपुढे ठेवता येणार नाही.

कार्यकर्ते : त्या फोनवर विनंती होते की दटावणी, हे पडद्यावर उमटत नाही, बाई. तरीही मौन ग्राहकाच्या बाजूने धरले गेले, ही गोष्ट मान्य करायलाच हवी. चळवळीने मागितले असते तर याहून वेगळे काही मागितले नसते. परंतु तारे कशावरून ठरतात, तेही पाहावे. ते ग्राहकाला विचारून दिलेले नाहीत, तर मागणी नोंदवल्यापासून सिलिंडर पोहोचेपर्यंत गेलेल्या वेळेवरून काढलेले आहेत. पोहोचल्याची नोंद वितरकाच्याच हाती असेल, तर घरात सिलिंडर येण्याआधीच तो कागदावर पोहोचलेला असू शकतो.

प्राध्यापिका : त्यासाठीच २०२० च्या नोव्हेंबरपासून संकेतांकाची पद्धत आणली गेली. मागणी नोंदवल्यावर ग्राहकाच्या मोबाइलवर एक संकेतांक येतो, तो त्याने सिलिंडर आणणाऱ्याला सांगितला की मगच पोहोच नोंदली जाते. म्हणजे नोंदीची किल्ली ग्राहकाच्या खिशात आली. आणि खरे सांगायचे तर ग्राहकांच्या मतांवर उभ्या असलेल्या ताऱ्यांपेक्षा असे मोजून काढलेले तारे अधिक भरवशाचे असतात. विकत घेतलेल्या खोट्या अभिप्रायांचा सुळसुळाट इतका झाला, की २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोला ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि कसे छापावेत यासाठी आयएस १९००० हे स्वतंत्र मानक काढावे लागले.

कार्यकर्ते : संकेतांक चांगला आहे, पण तो पोहोच सिद्ध करतो, वजन नव्हे. सिलिंडर आणणाऱ्याने वजनकाटा बरोबर आणावा आणि ग्राहकाने मागितल्यास वजन करून दाखवावे, असा दंडक आहे. सिलिंडरवर रिकाम्या टाकीचे वजन कोरलेले असते, त्यात १४.२ मिळवले की भरलेल्या सिलिंडरचे वजन यायला हवे; ही बेरीज दारात उभ्या उभ्या करता येते. घाईगर्दीत गॅसवाला आधी संकेतांक विचारतो, तो सांगितला की त्याचे काम संपते, आणि काटा सायकललाच अडकवलेला राहतो. ज्या पडद्यावर वेळ मोजली जाते, त्यावर वजनासाठी एक ओळ का नसावी?

हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. संवादी सुविधा कोणत्या प्रश्नाचे उत्तर ग्राहकाकडून घेते, यापेक्षा कोणता प्रश्न ती विचारतच नाही, यावरून विक्रेत्याची नियत अधिक स्पष्ट होते. आणि जो प्रश्न विचारला जातो तोही कशा रीतीने मांडला आहे, याला महत्त्व आहे. २०१५ मध्ये सधन ग्राहकांनी गॅसवरील अनुदान स्वेच्छेने सोडावे यासाठी मोहीम निघाली आणि वर्षभरात एक कोटीहून अधिक ग्राहकांनी ते सोडले. संकेतस्थळ आणि फोन यांचा इतका मोठा सार्वजनिक उपयोग क्वचितच झाला असेल. त्याच मोहिमेत फोनवरून सिलिंडर मागवताना नको तो आकडा दाबला गेल्याने अनुदान सुटले, अशा तक्रारीही ग्राहकांनी केल्या. हेतू चांगला असला तरी रचना ढिली असेल, तर गोरगरिबाच्या एका बोटाची किंमत किती होते, हे त्यातून दिसले.

प्राध्यापिका : अशा रचनांना आता कायद्याने नाव मिळाले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला त्याच्या मनाविरुद्ध निवड करायला लावणारी फसवी मांडणी, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि तिचे १३ प्रकार सांगितले. माल संपत आल्याची खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे, नकार देणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द वापरणे, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवणे, हे त्यांतले काही. विपणनाच्या वर्गात आजवर यांतल्या काही युक्त्या कौशल्य म्हणून शिकवल्या जात होत्या, हे नाकारता येणार नाही, आणि त्या शिकवणे थांबले पाहिजे.

कार्यकर्ते : आपण हे उघडपणे बोललात, हे मोठेच झाले. मग आणखी एका ठिकाणी विचार करावा. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे गट करून महिन्याच्या मालाची मागणी नोंदवतात, संस्था घाऊक खरेदी करते आणि माल गटापर्यंत पोहोचतो. तिथे ग्राहक आपल्या गरजेचा कागद भरतो, पण त्या कागदावरून त्याला आणखी काय विकता येईल, याचा हिशोब कोणी मांडत नाही. संकेतस्थळावर भरलेला प्रत्येक आकडा मात्र साठवला जातो. ग्राहकाला बोलते करणे आणि ग्राहकाकडून काढून घेणे, यांतली सीमा तिथे पुसली जाते.

प्राध्यापिका : त्या सीमेसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, आणि माहिती कोणत्या कामासाठी घेतली हे सांगून संमती घ्यावी, हे त्याचे मूळ तत्त्व आहे. पण माहिती साठवलीच नाही, तर सेवा सुधारणारही नाही. वितरकाला किती दिवस लागले हे साठवले, म्हणून तर तारे काढता आले. आणि पडदा म्हणजे केवळ शिकलेल्यांचे साधन, असेही आता राहिलेले नाही. भारत पेट्रोलियमने २०२० मध्ये व्हॉट्सॲपवरून सिलिंडर मागवण्याची सोय केली आणि २०२१ मध्ये ‘ऊर्जा’ नावाचा चॅटबॉट १३ भाषांत आणला. ज्या गृहिणीला इंग्रजी फॉर्म भरता येत नाही, तिला आपल्या भाषेत विचारता येऊ लागले, तर तिला ग्राहक म्हणून पहिल्यांदाच बरोबरीचे स्थान मिळते.

कार्यकर्ते : माहुलच्याच गृहिणीचे घ्या. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे तोडल्यावर हजारो कुटुंबांना माहुलच्या पुनर्वसन इमारतींत पाठवले गेले. त्याआधी १८ डिसेंबर २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने माहुल आणि अंबापाडा येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे म्हटले होते, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा हवेत राहण्याची सक्ती लोकांवर करता येणार नाही, असे सांगून घरभाड्यासाठी दरमहा १५,००० रुपये देण्याचा आदेश महापालिकेला दिला. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई भरायला सांगितले आणि त्यांत भारत पेट्रोलियमही होती. त्या इमारतीतील बाई सिलिंडर मागवते तेव्हा ती ग्राहक असते, आणि खिडकी लावून घेते तेव्हा शेजारीण असते. ग्राहक म्हणून तिला १३ भाषा मिळाल्या. शेजारीण म्हणून तिला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

प्राध्यापिका : या दोन गोष्टी एकाच पडद्यावर आणणे योग्य होणार नाही, काका. हवेची तक्रार कंपनीच्या विक्री विभागाच्या खिडकीत टाकली, तर ती तिथेच जिरेल. तिच्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि लवाद हेच मार्ग, कारण तिथे ऐकणारा हा विकणाऱ्याहून वेगळा असतो. विक्रीच्या साधनाकडून न्यायाची अपेक्षा केली, की साधनही बिघडते आणि न्यायही मिळत नाही.

कार्यकर्ते : खिडकी वेगळी ठेवा, पण ठेवा. खरेदीसाठी जी कंपनी रात्री दोन वाजताही उत्तर देते, तिला हवेबद्दल उत्तर द्यायला वर्षे लागावीत, हे पटण्यासारखे नाही.

इथे दोघांचे एकमत होत नाही, आणि ते ओढूनताणून घडवण्याचे कारणही नाही. प्राध्यापिकांचे म्हणणे संस्थांच्या रचनेला धरून आहे, तर कार्यकर्त्यांचे म्हणणे माहुलच्या अनुभवाला. मात्र किरकोळ विक्रीपुरता निर्णय देता येतो. ज्या सुविधेतून ग्राहकाच्या उत्तराने विक्रेत्याला काही बदलावे लागते, ती ग्राहक टिकवते. ज्या सुविधेतून केवळ ग्राहकालाच बदलायला लावले जाते, ती काही दिवस विक्री वाढवून विश्वास घालवते. चेंबूर-घाटकोपरच्या लहान दुकानदाराने चॅटबॉटच्या मागे लागण्याची गरज नाही. आज कोणता माल आहे, त्याचा आजचा भाव काय, तो पसंत न पडल्यास परत कसा घेतला जाईल, आणि विचारलेल्या प्रश्नाला माणसाकडून किती वेळात उत्तर येईल, एवढे त्याने व्हॉट्सॲपच्या व्यापारी खात्यावर किंवा साध्या पानावर खरेपणाने मांडले, तर मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत पडद्यांपुढेही त्याचे गिऱ्हाईक टिकेल. परतीचा नियम लपवणाऱ्या दुकानाने मात्र कितीही तारे लावले तरी त्यांचा उपयोग नाही.

गॅसच्या बाबतीत ग्राहकाची मोकळीक अजून अर्धीच आहे. रिकामा सिलिंडर ज्या कंपनीचा, तिच्याकडेच तो भरायला जावा लागतो, म्हणून ग्राहकाला वितरक बदलता येतो, कंपनी नव्हे. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ही अडचण दूर करण्याच्या दिशेने सूचना मागवल्या. तो बदल होईल तेव्हा होईल. तोवर जी सोय हाती आहे ती वाचकांनी वापरावी. आपल्या भागातील वितरकांचे तारे पाहावेत, सेवा वाईट असेल तर बदलीची मागणी नोंदवावी, जुन्या वितरकाचा फोन आला तर त्याला कारण स्पष्ट सांगावे, आणि सिलिंडर दारात आल्यावर वजन करून घेतल्याशिवाय संकेतांक सांगू नये.